जंगलवाटेचा प्रवास टेबलावर रंगवायचा कसा

"तीन दिवस चालून तुम्ही किल्ल्याच्या पायथ्याशी पोचता." डन्जन्स अँड ड्रॅगन्ससारख्या, टेबलाभोवती बसून पात्रं वठवायच्या खेळात बरेच जीएम (गोष्ट सांगून खेळ चालवणारे) प्रवास असा एका वाक्यात उरकतात. काही जण उलट टोक गाठतात: रोज वाट शोधायचा चेक (जमलं की फसलं हे ठरवायचा फासा), शिकारीचा चेक, पहाऱ्याचा चेक, मग रँडम एन्काउंटर (फाशाने ठरलेली गाठ) आणि त्यात चार लांडगे. लांडगे मरतात, पार्टी (खेळाडूंच्या पात्रांचा गट) झोपते, सकाळी सगळ्यांचे हिट पॉइंट (जीव किती उरला त्याचे आकडे) भरलेले. या दोनांत पहिला प्रकार बरा, निदान वेळ तरी वाचतो.

दुसऱ्या प्रकारात फासे भरपूर पडतात, पण खेळाडूंना ठरवायला काहीच नसतं. वाट एकच असते, ती जीएमने आधीच आखलेली असते, आणि चेक जमला काय, फसला काय, पार्टी पोचतेच. प्रवास खेळण्यासारखा व्हायचा तर निदान दोन वाटा हव्यात, त्यांच्याबद्दल आधी थोडी माहिती हवी आणि प्रत्येक वाटेची वेगळी किंमत हवी. खालची सगळी खटपट त्यासाठीच आहे.

नियमांचे आकडे डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीचे (२०१४) घेतले आहेत. प्रदेश घेतला आहे सह्याद्रीचा घाटमाथा, माथ्यावरून कोकणात उतरण्याचा. कारण खिंड, नाळ, टाकं, देवराई हे शब्द उच्चारले की मराठी टेबलावर चित्र आपोआप उभं राहतं, वर्णनात पाच मिनिटं घालवावी लागत नाहीत. आणि रानातला प्रवास हा या खेळात मागाहून घुसलेला पाहुणा नव्हे. १९७४ च्या पहिल्या संचातच रानातल्या मोहिमांसाठी अॅव्हलॉन हिल कंपनीच्या 'आउटडोअर सर्वायवल' या बोर्डगेमचा नकाशा वापरायला सुचवलं होतं.

हा प्रवास खेळायचा का?

दोनच गोष्टी तपासा. उशीर झाला तर काही बिघडतं का? आणि जायला निदान दोन वाटा आहेत का? दोन्हींचं उत्तर 'नाही' असेल तर एका वाक्यात पोचवा आणि पुढे चला, त्यात कमीपणा नाही. फक्त पहिल्याचं उत्तर 'नाही' असेल तर मुदत घाला: पाच दिवसांनी खजिन्याचा तांडा घाट उतरणार आहे, किंवा अमावास्येच्या आत मूर्ती जागेवर पोचली पाहिजे. मुदत खेळाडूंना पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा आणि कागदावर दिवसांचे चौकोन आखून टेबलाच्या मध्यभागी ठेवा. जी मुदत फक्त जीएमला माहीत आहे, तिचा खेळाडूंवर दाब पडत नाही.

नकाशा: ठिकाणं आणि वाटा

रानासाठी षटकोनी घरांचा नकाशा, म्हणजे हेक्स, वापरायची जुनी पद्धत आहे. सहा मैलांचा, म्हणजे सुमारे दहा किलोमीटरचा हेक्स सोयीचा पडतो, कारण मध्यम वेगाने दिवसाला २४ मैल चालतात, म्हणजे बरोबर चार हेक्स. सपाट माळ, वाळवंट, समुद्र यांच्यासाठी हे उत्तम. घाटात मात्र हीच पद्धत आडवी येते. एका दहा किलोमीटरच्या घरात माथ्यावरचं पठार, सहाशे-सातशे मीटरचा कडा आणि खालचं कोकण, सगळं मावतं. शिवाय हेक्समधून सहा दिशांना जाता येतं. कड्यावरून मात्र खिंड किंवा नाळ असेल तिथूनच उतरता येतं.

म्हणून घाटासाठी ठिकाणं आणि त्यांना जोडणाऱ्या वाटा काढा. ए-फोर कागदावर आठ ते बारा ठिकाणं आणि बारा ते अठरा वाटा पुरतात. चार-पाच सेशनचा मालमसाला झाला. प्रत्येक ठिकाणाला निदान दोन वाटा भिडू द्या. प्रत्येक वाटेसाठी तीन नोंदी करा: चालायला किती प्रहर लागतात, लांबून काय दिसतं किंवा ऐकू येतं, आणि पाऊल टाकल्यावरच काय कळतं.

प्रहर हे माप मुद्दाम घेतलं आहे. एक प्रहर तीन तासांचा. दिवसाचे चार, रात्रीचे चार. तासातासाचा हिशोब ठेवणारा जीएम दुसऱ्या दिवशी तो सोडून देतो आणि अख्खा दिवस हे माप फार ढोबळ पडतं. दिवसाचे तीन प्रहर चालायचे, चौथा पाणी, लाकूडफाटा आणि मुक्कामासाठी. चौथ्या प्रहरातही चालायचं असेल तर ती सक्तीची चाल. मूळ नियमात आठ तासांनंतर दर तासाला कॉन्स्टिट्यूशनचा (काटकपणाचा) सेव्ह, म्हणजे त्रास टाळायचा फासा असतो, डीसी (गाठायचा आकडा) १० अधिक वरचे तास. त्याऐवजी चौथ्या प्रहरासाठी डीसी १३ चा एकच सेव्ह घ्या. फसला की थकव्याची एक पायरी. निकाल मूळ नियमापेक्षा सौम्य येतो, पण फासे चाराऐवजी एकदाच पडतात.

आता एक उतार मांडून पाहू. पार्टी माथ्यावर आहे, कोकणात उतरायचं आहे, वाटा तीन.

घाटवाट: फरसबंदी, पायऱ्या, दोन प्रहर. लादलेले बैलही उतरतात. माथ्यावर जकातीची चौकी; माणशी आणि जनावरामागे पैसे, शिवाय नावं लिहून घेतात. (नाणेघाटाच्या माथ्यावर जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण आजही आहे, खेळात तसाच ठेवा, खेळाडू लगेच ओळखतात.) लांबून दिसतं ते चुलीच्या धुराचे दोन लोट. चालू लागल्यावर कळतं की पाठलाग करणाऱ्याने चौकीत एक रुपया सरकवला तर त्याला यांची नावं मिळतात.

ढोरवाट: दाट रान, तीन प्रहर, जकात नाही, खेचरं जातात. गुरांच्या खुरांनी वाट जागोजागी फुटलेली. लांबून ऐकू येतात गुरांच्या गळ्यातल्या घंटा. चालू लागल्यावर कळतं की धुकं उतरलं तर तीन फाट्यांपैकी खरा कोणता हे ओळखणं अवघड.

नाळ: एकच प्रहर. जनावरं जात नाहीत, ओझी दोराने सोडावी लागतात. तोंडाशी ताजे फुटलेले, शेवाळ न धरलेले दगड दिसतात. पाऊस पडला की वरून दगड सुटतात, आणि मध्ये आडोसा एकाच जागी आहे.

घाई असेल तर नाळ, ओझी असतील तर घाटवाट, कोणी मागावर असेल तर ढोरवाट. वाट लिहून झाली की स्वतःला विचारा: कोणत्या परिस्थितीतली पार्टी हीच वाट घेईल? उत्तर सुचत नसेल तर वाट खोडून टाका. सगळ्यात जास्त चूक इथेच होते. एक वाट जवळची, सुरक्षित आणि फुकटही असते, बाकीच्या नकाशाची शोभा वाढवायला असतात, आणि मग जीएमला वाटतं की खेळाडूंना निवड करायची आवड नाही.

फाट्यावर पोचल्यावर प्रत्येक वाटेबद्दल निदान दोन गोष्टी सांगा, त्यातली एक तिच्या किमतीबद्दलची. "डावीकडे की उजवीकडे?" एवढंच विचारलंत तर खेळाडू नाणं उडवतील, आणि त्यांचं चुकणारही नाही. दोनपैकी एक गोष्ट फुकट द्या. दुसरीसाठी टेहळणी, गावात चौकशी किंवा अर्धा प्रहर खर्च करायला लावलंत तरी चालेल.

वाटाड्या मिळाला की वाट शोधायचे चेक संपतात, म्हणून बरेच जीएम वाटाड्या द्यायला कचरतात. खुशाल द्या. त्याला सगळ्या वाटांचे प्रहर माहीत असतात, एखाद्या वाटेचं आतलं गुपितही माहीत असतं, आणि एक गोष्ट तो काही केल्या करत नाही: देवराईतलं वाळलेलं लाकूडसुद्धा उचलू देणार नाही, किंवा अमुक खिंड दिवेलागणीनंतर ओलांडणार नाही. पार्टीला नेमकं तेच करायची वेळ येईल अशी एक जागा नकाशात ठेवा.

कामं वाटून द्या

चार कामं: वाट काढणारा, पुढे टेहळणी करणारा, शिधापाणी पाहणारा, आणि मुक्काम लावून पहारे ठरवणारा. खेळाडू जास्त असले तर कोणीतरी नकाशा आणि दिवसांची नोंद ठेवतो. एका माणसाला एका दिवसात एकच काम, आणि एका कामाचा दिवसाला एकच चेक. हे न ठरवल्यास काय होतं हे सगळ्यांना ठाऊक आहे: ज्याचं सर्वायवल (रानात तगायचं कौशल्य) +७ तोच चारही चेक करतो आणि बाकीचे मोबाइल काढतात.

वाट काढायचा डीसी रान, दलदल आणि डोंगरात १५, टेकड्यांत १०, गवताळ माळावर ५. चेक फसला की नियमाप्रमाणे १ डी ६ (सहा बाजूंच्या एका फाशावर पडतील तितके) तास वाया जातात. हा परिणाम फिका आहे. पाचपेक्षा कमी फरकाने फसला तर एक प्रहर जास्त घ्या. त्याहून वाईट फसला तर पार्टीला शेजारच्या ठिकाणी, नको त्या बाजूने पोचवा: चौकी टाळायची होती आणि बाहेर पडले ते चौकीच्या मागच्या परड्यात. वाट चुकण्यातून नवा प्रसंग निघाला पाहिजे. धुकं असेल तर चेक डिसअॅडव्हान्टेजने (दोन फासे टाकून लहान आकडा घ्यायचा).

शिधा, पाणी आणि जादूची पळवाट

माणशी रोज एक पौंड अन्न (साधारण साडेचारशे ग्रॅम) आणि एक गॅलन पाणी (पावणेचार लिटरच्या आसपास), उन्हाळ्यात पाणी दुप्पट. यादीतली पाण्याची पिशवी अर्ध्या गॅलनची असते, म्हणजे साध्या दिवसाला माणशी दोन पिशव्या आणि वैशाखात चार. पाच जणांना वैशाखात रोज ३८ लिटर लागतं, म्हणजे ३८ किलो ओझं. हे गणित एकदा टेबलावर मोठ्याने करून दाखवा. कोरडं पडलेलं टाकं किती महाग पडतं हे मग कोणाला समजवावं लागत नाही.

पण रोज एकेका पौंडाची वजाबाकी कोणी मनापासून करत नाही. त्याऐवजी साठ्याला फासा द्या. शिधा डी ८, पाणी डी ६, मशाली डी ६. वापर झाला की फासा टाका. १ किंवा २ पडला तर फासा एक पायरी लहान, आणि डी ४ वर १-२ पडला की साठा संपला. डी ८ सरासरी नऊ वेळा पुरतो, डी ६ पाच वेळा, डी ४ दोन वेळा. सलग तीन वाईट फासे पडले, आणि हे २४ मध्ये एकदा होतं, तर डी ८ तिसऱ्याच दिवशी संपतो. तेव्हा "संपला" एवढंच म्हणू नका, कारण द्या: पीठ भिजलं, पखाल करवंदीच्या जाळीत फाटली. खेळाडू कुरकुरतील, पण निदान फाटलेली पखाल शिवायला तरी घेतील.

आता पळवाटा. पहिल्या पातळीच्या गुडबेरी स्पेलने (मंत्राने) दहा फळं मिळतात आणि एकेक फळ एकेका माणसाला दिवसभर पुरतं. आउटलँडर पार्श्वभूमीचा माणूस, प्रदेशात मिळण्यासारखं असेल तर, स्वतःसह सहा जणांचं अन्नपाणी शोधतो. पाचव्या लेव्हलपासून टायनी हट (रात्रीच्या निवाऱ्याचा मंत्र) येतो, तोही रिच्युअल म्हणून, स्पेल स्लॉट (मंत्र टाकायच्या मोजक्या संधींपैकी एक) न खर्चता. यांवर बंदी घालू नका. खेळाडूने त्या गोष्टीसाठीच ते पात्र बनवलेलं असतं. अशा टेबलावर अन्नाची टंचाई सोडून द्या आणि वेळ, ओझं, झोपेची जागा यांची टंचाई ठेवा. गुडबेरीने पोट भरतं, खेचर नाळेतून उतरत नाही.

झोपेचा नियम बदला

सगळ्या युक्त्यांत ही एकच करायची असेल तर हीच करा. पाचव्या आवृत्तीत एक रात्र झोपलं की जवळजवळ सगळं भरून निघतं, आणि प्रवासात दिवसाला फार तर एखादा सामना होतो. मग प्रत्येक सामन्यात पार्टी ताजीतवानी उतरते, जादूगार पहिल्याच फेरीत सगळं उधळतो आणि सामन्याची धार जाते. उपाय असा: उघड्यावरची रात्र म्हणजे शॉर्ट रेस्ट (थोडंच भरून काढणारी विश्रांती). लाँग रेस्ट (पूर्ण विश्रांती) फक्त नकाशावरच्या सुरक्षित ठिकाणी, बारापैकी तीन किंवा चार जागी: गाव, मठ, पाण्याचं टाकं असलेली कोरडी गुहा. ही ठिकाणं खेळाडूंना माहीत असू द्या. सुरक्षित गुहा वाटेपासून एक प्रहर बाजूला असेल तर वाकडी वाट करायची की नाही यावर टेबलावर खरी वादावादी होते.

दोन काळज्या घ्या. वॉरलॉक आणि फायटर या प्रकारच्या पात्रांना हा नियम मानवतो, विझर्ड आणि क्लेरिक यांना बोचतो, म्हणून मोहीम सुरू होण्याआधी सांगा. दुसरं, थकवा. त्याच्या सहा पायऱ्या आहेत आणि सहाव्या पायरीला मृत्यू. मूळ नियमात तो लाँग रेस्टशिवाय सहसा उतरत नाही. लाँग रेस्ट आखडता घेतलात तर तिसऱ्या दिवशी अर्धी पार्टी निम्म्या वेगाने सरपटत असते. म्हणून कोरड्या जागी, पोटभर जेवून झोपलं तर उघड्यावरही थकव्याची एक पायरी उतरू द्या.

प्रहराचा फासा आणि गाठी पडणारे

चालण्याच्या प्रत्येक प्रहराला एक डी ६ टाका, रात्री एकदा. १: गाठ पडते. २: गाठ पडणाऱ्याची खूण दिसते. ३: हवा बदलते. ४: पाण्याचा फासा टाका. ५: लांबचं काही नजरेस येतं, नकाशावरचं नवं ठिकाण किंवा वाट. ६: काही नाही. (शिध्याचा फासा रोज मुक्कामाला.) दिवसाला असे चार फासे पडतात, म्हणजे दिवसात निदान एकदा गाठ पडण्याची शक्यता साधारण ५२ टक्के.

दोनचा आकडा सगळ्यात उपयोगी. खूण दिसली म्हणजे खेळाडूंना टाळायची, दबा धरायची किंवा माग काढायची संधी मिळाली. खूण आधी दिसलेली असली की पुढचा सामना अन्यायाचा वाटत नाही, कितीही कठीण असला तरी.

गाठ पडणाऱ्यांची यादी करताना प्रत्येकाचं चालू काम लिहा. नुसतं 'लांडगे ४' लिहिलंत तर लढाईच होणार. घाटासाठी असे सहा:

१. वाटेवरच्या कातळाला आग्या मोहोळ. धूर, मशाल किंवा आरडाओरड झाली की उठतं. तलवार इथे कुचकामी. घोंगड्या पांघरून दबकत जायचं, की अंधार पडेपर्यंत थांबून एक प्रहर घालवायचा?
२. एकुलत्या पाणवठ्यावर गव्यांचा कळप, पिल्लांसह. अंगावर येत नाहीत, पण प्रहरभर हलतही नाहीत.
३. मिठाचे बैल घेऊन वर निघालेला लमाणांचा तांडा. खालची खबर देतील, बदल्यात वरच्या चौकीचा आजचा दर त्यांना हवा आहे.
४. चौकीतून पळालेले दोन शिपाई, उपाशी. आत किती माणसं आहेत हे त्यांना माहीत आहे.
५. वाघोबाचं ठाणं, शेंदूर ओला, नारळ आजच फुटलेला. म्हणजे पुढे कोणीतरी आहे, आणि त्याला कशाची तरी भीती वाटली आहे.
६. रात्री समोरच्या सोंडेवर मशालींची रांग: वेताळाची पालखी. शिकारीला निघालेली नाही. पण वाट अडवणाऱ्याची गय करत नाही.

समोरच्याचा पवित्रा आधीच ठरलेला नसेल तर जुन्या आवृत्त्यांतला दोन डी ६ चा फासा टाका: २ आला तर हल्ला, ३ ते ५ वाकडी नजर, ६ ते ८ संभ्रम, ९ ते ११ वाटेला जात नाहीत, १२ मदतीला तयार. बेरीज पाच किंवा कमी येण्याची शक्यता २८ टक्क्यांच्या आतबाहेर, म्हणजे चारपैकी जवळजवळ तीन गाठी बोलण्यावर किंवा बगल देऊन सुटू शकतात. गाठ किती अंतरावर पडते ते ठरवायला विसरू नका. दाट रानात २ डी ६ गुणिले १० फूट, उघड्या पठारावर त्याच्या दहापट.

पाऊस आणि धुकं

हवा म्हणजे नुसतं वर्णन नव्हे, तिने वाटा उघडझाप केल्या पाहिजेत. दोन प्रहर मुसळधार झाली की ओढा चढतो आणि पाऊस थांबल्यावरही एक प्रहर तो ओलांडायची जागा बंद राहते. धुकं पडलं की लांबून दिसणारी नोंद गायब, फक्त ऐकू येणारी उरते. घंटा ऐकत ढोरवाटेने जायचं का, हा प्रश्न मग खराखुरा होतो. उन्हाळ्यात उलट करा: टाक्यांपैकी निम्मी कोरडी, कोणती ते गावात विचारल्याशिवाय कळत नाही, आणि भर दुपारच्या प्रहरी चाललं तर पाण्याचा फासा जास्तीचा.

वर्णन दोन वाक्यांत आटपा, त्यात डोळ्यांखेरीज एका तरी इंद्रियाचं काही असू द्या: कारवीचा ओला वास, पायाखाली सुटणारा मुरूम. तिसरं वाक्य खेळाडूकडून घ्या. "टेहळणीला तू पुढे आहेस, खिंडीत काय खटकतं?" आणि बिननावाच्या जागांना त्यांनाच नावं देऊ द्या. ज्या ओढ्यात खेचर वाहून गेलं त्याचं नाव 'खेचरबुडी' पडलं की ते नाव महिनाभर टिकतं. तुम्ही रात्र जागून शोधलेलं संस्कृतप्रचुर नाव कोणाच्या लक्षात राहत नाही.

वेळेचा हिशोब

चार दिवसांचा प्रवास म्हणजे चालण्याचे बारा प्रहर आणि चार रात्री, एकूण सोळा फासे. सरासरी दोन-तीन गाठी पडतील. गाठीला २५ मिनिटं, बाकीच्या प्रत्येक फाशाला चार, आणि रोज मुक्कामाच्या गप्पांना दहा मिनिटं धरली तर पावणेतीन तासांत प्रवास संपतो, एका सेशनला पुरेसा. रिकाम्या प्रहरावर चार मिनिटांपेक्षा जास्त रेंगाळू नका. सहा पडला की "दुपार टळली, पठार संपलं" आणि पुढचा फासा. याहून लांबचा पल्ला असेल तर दिवस वाढवू नका, ठिकाणांमधल्या वाटा दोन-दोन दिवसांच्या करा आणि दर वाटेला तीनच फासे टाका.

परतीचा प्रवास त्याच वाटेने असेल तर वाट काढायचे चेक काढून टाका, प्रहर एकने कमी करा (एका प्रहराची वाट तेवढीच ठेवा) आणि प्रत्येक ठिकाणी एकच डी ६ टाका: १-२ आला तर तिथे काहीतरी बदललेलं आहे. चौकीतला नायक नवा, नाळेतला आडोसा दगडांनी बुजलेला, पळालेल्या दोन शिपायांपैकी एकच उरलेला. जाताना पार्टीने जे केलं त्यातूनच हा बदल काढा, नवीन काही शोधत बसू नका.